परदेशात राहून कोकणातील जुन्या घराची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडन, दुबई, टोरांटो किंवा न्यू जर्सी येथे नोकरी करणाऱ्या आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा रायगड जिल्ह्यात आजोबा-पणजोबांचे कौलारू घर असलेल्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, लाकडी वासे, मंगलोरी कौले, पुढे पडवी आणि मागे न्हाणीघर असे घर येथे डोळ्यांसमोर ठेवले आहे. सिमेंट-काँक्रीटच्या बंगल्याला यातील बरेचसे लागू पडणार नाही.

घर दुरुस्त करावे की पाडून नवे बांधावे?

हा निर्णय छायाचित्रे पाहून घेता येत नाही. भिंत उभी ओळंब्यात, म्हणजे सरळ, आहे का, जोत्याला (घराखालच्या चौथऱ्याला) तडे आहेत का आणि आढे व तुळया आतून पोखरल्या आहेत का, या तीन गोष्टींची तपासणी जाणत्या सुताराने आणि स्थापत्य अभियंत्याने जागेवर जाऊन केली पाहिजे. एखाद्या खोलीचे छप्पर कोसळलेले असणे हे तितकेसे गंभीर नाही. वासे आणि रिपा बदलता येतात. मात्र छप्पर गेल्यानंतर मातीच्या जोडाईच्या भिंतीने तीन-चार पावसाळे उघड्यावर काढले असतील, तर सांध्यांमधली माती वाहून गेलेली असते आणि तो भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. त्यातील चिरे बहुधा पुन्हा वापरता येतात, कारण जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. घर पाडण्याचा सल्ला सर्वांत आधी ज्याच्याकडून येतो, त्यालाच नव्या बांधकामाचे कंत्राट मिळणार असते, एवढे लक्षात ठेवून दुसरे मत घ्यावे.

घर नेमके कोणाच्या नावावर आहे, हे परदेशातून कसे पाहावे?

प्रथम घर कोणत्या जमिनीवर उभे आहे ते ठरवावे. घर गावठाणाबाहेर, म्हणजे वाडीतल्या आगरात किंवा शेतजमिनीत असेल, तर सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा) हे उतारे पाहावेत. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य दिसतो, परंतु तो केवळ माहितीपुरता असतो. कामकाजासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा शुल्क भरून घ्यावा लागतो आणि तोही घरबसल्या मिळतो. घर गावठाणात असेल, तर त्याला सातबारा नसतो. अशा अनेक गावांत २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाल्या आहेत. आपल्या गावाची झाली असल्यास त्या पत्रिकेवर कोणाचे नाव लागले आहे, हे तातडीने पाहावे, कारण मोजणीच्या वेळी मालक परदेशात आणि घराला कुलूप, अशी स्थिती कोकणात सर्रास होती.

ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आणि घरपट्टीची पावती जपून ठेवावी, मात्र तिला मालकीचा पुरावा समजू नये. ती कर आकारणीची नोंद आहे. 'घरपट्टी आम्ही भरतो म्हणून घर आमचे' हे वाक्य भाऊबंदकीच्या निम्म्या वादांच्या मुळाशी असते.

आजोबांचे नाव अजून तसेच असेल, तर वारस नोंद ही पहिली पायरी होय. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला आणि वारसांच्या तपशिलासह अर्ज करावा लागतो. हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. त्यानंतर फेरफार नोंद, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, होते, हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. एकाही वारसाचे नाव वगळून हे काम उरकण्याचा मोह धरू नये.

खर्च मीच करणार असेन, तर इतर हिस्सेदारांची संमती कशासाठी?

कारण सामाईक मिळकतीवर एकट्याने खर्च केल्याने एकट्याची मालकी निर्माण होत नाही. पुढे वाटप झाल्यास खर्चाचा विचार होऊ शकतो, पण त्या भरवशावर आयुष्यभराची बचत घालणे शहाणपणाचे नाही. संमती घेताना बहिणी आणि आत्या यांची नावे विसरली जातात. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित सहदायकी (जन्मानेच हिस्सा मिळणाऱ्या एकत्र कुटुंबाच्या) मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले की, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही. लग्न होऊन सांगलीला गेलेल्या आत्यांना हिस्सा नको असला, तरी 'नको' हे नोंदणीकृत हक्कसोडपत्रातच आले पाहिजे. फोनवर दिलेल्या शब्दाला त्यांच्या पश्चात त्यांची मुले बांधील नसतात.

याखेरीज एक साधा लेखी करार कुटुंबात करावा. दुरुस्तीचा खर्च कोण करणार, गणपतीत आणि शिमग्याला घर कोणाकोणाला खुले राहणार, देवघर हलवायचे की नाही, वार्षिक शाकारणीचे (पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याचे) पैसे कोण देणार, हे त्यात लिहावे. मूळ घरात कुळाचा गणपती बसत असेल, तर त्या चार भिंतींवर कागदावर नसलेल्या माणसांचाही जीव असतो. देवघराच्या भिंतीला हात लावण्यापूर्वी सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावे. कायदा तसे सांगत नाही, पण काम पुढे सुरळीत चालायचे असेल तर ते करावे.

येथे परकीय चलनविषयक नियमांचा एक मुद्दा आहे. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला) वारसाहक्काने शेतजमीन मिळू शकते, परंतु शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची जमीन त्याला विकत घेता येत नाही. त्यामुळे घराखालची जमीन सातबाऱ्यावर शेती म्हणून नोंदलेली असताना चुलतभावाचा हिस्सा 'विकत घेऊन टाकू' असे परस्पर ठरवू नये. आधी वकिलाचा सल्ला घ्यावा, मग विसार द्यावा.

कुलमुखत्यारपत्र कोणाला आणि कसे द्यावे?

सर्वसाधारण मुखत्यारपत्राऐवजी विशेष मुखत्यारपत्र द्यावे, म्हणजे ज्या कामांसाठी ते दिले आहे ती कामे त्यात एकेक करून लिहावीत: ग्रामपंचायतीत अर्ज करणे, मोजणीला हजर राहणे, महावितरणकडे कागद देणे, कंत्राटदाराशी करार करणे. विक्री, गहाण आणि भाडेपट्टा यांचे अधिकार त्यात स्पष्टपणे नाकारावेत आणि मुदत घालावी. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करता येते, किंवा त्या देशात हेग करार लागू असेल तर तेथील नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसारचे सरकारी प्रमाणपत्र, घेता येते. मूळ कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचे मुद्रांक शुल्क भरावे लागते. कागद कुरियरने आला, कपाटात ठेवला आणि वर्षाने बाहेर काढला, असे झाले की त्याचा ऐनवेळी उपयोग होत नाही. मुखत्याराला कामाबद्दल ठरावीक मानधन देणे मला योग्य वाटते. नात्यातल्या माणसाला फुकट राबवले, की सहा महिन्यांनी फोन उचलले जात नाहीत, आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते.

दुरुस्तीला परवानगी लागते का?

कौले परतणे, गिलावा, रंग, फरशी अशा कामांना सहसा कोणी अडवत नाही, पण जोते वाढणार असेल, भिंती हलणार असतील किंवा मजला चढणार असेल, तर परवानगीवाचून हात लावू नये. शंका असल्यास ग्रामपंचायतीला लेखी पत्र देऊन त्याची पोच घ्यावी. घर समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ असेल, तर किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आड येऊ शकते. 'ना विकास' पट्ट्यातसुद्धा अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, मात्र मूळ जोत्याचे क्षेत्र आणि चटईक्षेत्र ओलांडता येत नाही. म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वी जुन्या जोत्याची मोजमापे, नकाशा आणि तारखेसह छायाचित्रे करून ठेवावीत. एकदा जोते उकरले की ते किती होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

आपल्याच आगरातला साग, ऐन, किंजळ किंवा फणस तोडून वासे काढायचे असतील, तर १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. शिवाय ओले लाकूड लगेच चढवले तर ते पीळ खाते. तोडणी आणि चढवणी यांत एक उन्हाळा तरी जाऊ द्यावा.

काम कोणत्या महिन्यात सुरू करावे?

परदेशातून ठरवलेल्या बहुतेक कामांचे वेळापत्रक येथे चुकते, कारण ते मालकाच्या रजेप्रमाणे आखलेले असते. डिसेंबरच्या सुट्टीत येऊन सुरुवात करायची आणि उन्हाळी सुट्टीत राहायला यायचे, हा हिशोब कागदावर छान दिसतो.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घर कोठे गळते, पाणी कोणत्या भिंतीतून झिरपते, अंगणातले पाणी जोत्याकडे येते की लांब जाते, हे कळण्याचा काळ तोच. म्हणून पाहणी पावसाळ्यात करावी. जमल्यास गणपतीला येऊन स्वतः पाहावे. न जमल्यास मुखत्याराने भर पावसात प्रत्येक खोलीची चित्रफीत काढून खुणा करून ठेवाव्यात. ऑक्टोबरमध्ये अंदाजपत्रक आणि साहित्याची मागणी, नोव्हेंबरपासून जोते व भिंती, चुन्याचे काम थंडीत, आणि छप्पर फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडून एप्रिलअखेर बंद, हा क्रम सुरक्षित आहे. मार्चमध्ये शिमग्याला गावातले कामगार काही दिवस येत नाहीत, आणि एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या हंगामात मजूर आणि टेम्पो दोन्ही बागांकडे वळतात. हे दिवस आधीच वजा धरावेत.

एप्रिलअखेर हा शब्द शब्दशः घ्यावा. तौक्ते चक्रीवादळ २०२१ मध्ये मेच्या मध्यावर कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वेळी मोसमी पाऊस यायचा होता आणि 'अजून पंधरा दिवस आहेत' या भरवशावर उघडे ठेवलेले छप्पर वाचण्यासारखे नव्हते.

कौले ठेवावीत, पत्रा घालावा की स्लॅब टाकावी?

माझे मत स्पष्ट आहे: कौले ठेवावीत. मातीच्या किंवा चुन्याच्या जोडाईच्या भिंती कौलारू छपराचे वजन पेलण्यासाठी रचलेल्या असतात, स्लॅबचे नव्हे. स्लॅब हवीच असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र खांब-तुळयांचा सांगाडा उभारावा लागतो आणि मग ते दुरुस्तीचे काम राहत नाही. पत्रा स्वस्त आणि झटपट होतो, वर्षानुवर्षे शाकारणी लागत नाही, हे त्याच्या बाजूचे खरे मुद्दे आहेत आणि बारा महिने बंद राहणाऱ्या घराच्या मालकाला ते पटतात, यात आश्चर्य नाही. पण पत्र्याखाली मे महिन्यात बसवत नाही, पावसात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि नीट जखडलेला नसेल तर वादळात अख्खा पत्रा उडून दुसऱ्याच्या घरावर जातो. कौल फुटले तर एक कौल बदलता येते.

मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. जुन्या कौलांवर कारखान्याचे नाव आणि चिन्ह उमटवलेले असते. ती एकेक उतरवून, ठोकून आवाज पाहून, ब्रशने शेवाळ काढून पुन्हा वापरता येतात. टणत्कार न येणारे कौल बाजूला टाकावे. नवी कौले आणून जुन्यांत मिसळताना माप आणि खाच जुळते का, हे आधी दहा-वीस कौले बसवून पाहावे, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांत थोडा फरक असतो आणि त्या फटीतून पश्चिमेकडून येणारी झड थेट माजघरात येते. बदललेली चांगली कौले विकू नयेत. शे-दोनशे कौले मांगरात (आवारातल्या कोठारात) रचून ठेवावीत. दोन्ही वादळांच्या वेळी ज्यांच्याकडे अशी शिल्लक होती त्यांची घरे आधी झाकली गेली.

माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत मालक कौलांखाली सिमेंटचे पातळ पत्रे घालतात. हा उपाय चालतो, मात्र पत्रा आणि कौल यांच्यामध्ये हवा खेळली पाहिजे, नाहीतर रिपा कुजतात.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा का?

शक्यतो करू नये. जांभा सच्छिद्र दगड आहे. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. त्यावर सिमेंटचा कडक थर दिला की कालांतराने त्याला बारीक भेगा पडतात, भेगांतून पाणी आत जाते आणि बाहेर येण्याची वाट मात्र बंद झालेली असते. मग आतल्या बाजूला ओल चढते, रंग सुटतो आणि गिलाव्याचे पापुद्रे पडतात. चुन्याचा गिलावा श्वास घेऊ देतो, पण तो सावकाश घट्ट होतो, त्याला पाणी मारत राहावे लागते आणि तो जाणणारा गवंडी शोधावा लागतो. असा गवंडी मिळालाच नाही, तर बाहेरच्या भिंती उघड्या चिऱ्याच्याच ठेवून फक्त दरजा चुन्याने भराव्यात आणि वळचण पुरेशी पुढे आणावी. जमीन हवी तर लाल कोब्याची करावी. गुळगुळीत टाइल्सवर पावसाळ्यात दव धरते आणि म्हातारी माणसे घसरतात.

वाळवीचे काय करावे?

वाळवी गेली असे कधी समजू नये. जोत्यालगत आणि भिंतीच्या मुळाशी भोके पाडून औषध भरण्याची पद्धत आहे, ती परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी. विहीर जवळ असल्यास त्याला तसे आधी सांगावे. वाशांची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे काजूच्या टरफलाचे तेल लावण्याची कोकणातली जुनी रीत अजून उपयोगी आहे, मात्र ते तेल कातडी भाजते. याहून महत्त्वाचे म्हणजे घरात रद्दी, जुन्या गाद्या आणि सरपण भिंतीला टेकवून ठेवू नये, आणि कोणीतरी महिन्याला बॅटरी घेऊन कोपरे पाहावेत.

हजारो मैलांवरून देखरेख कशी ठेवावी?

कंत्राटदार आणि देखरेख करणारा अभियंता हे दोन वेगळे लोक असावेत, आणि अभियंत्याचे पैसे कंत्राटदाराकडून नव्हे तर थेट मालकाकडून जावेत. 'चौरस फुटाला इतके' असा सरसकट दर जुन्या घराच्या दुरुस्तीत निरर्थक ठरतो, कारण भिंत उघडल्याशिवाय आत काय आहे ते कोणालाच माहीत नसते. बाबवार दर ठरवावेत: चिऱ्याची जोडाई घनमीटरला, गिलावा चौरस मीटरला, वासे घनफुटाला, कौले शेकड्याला. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची तुलनेसाठी हाताशी ठेवावी. लाकूड, कौले आणि विजेचे साहित्य मालकाने स्वतःच्या नावाच्या बिलावर घेतलेले बरे. मजुरी आणि वाळू-चिरे कंत्राटदाराकडे असू द्यावेत.

पैसे टप्प्यांनी द्यावेत आणि प्रत्येक टप्पा मोजता येण्याजोगा असावा. 'छप्पर जवळजवळ झाले' हा टप्पा नव्हे; 'आढ्यावरची कौले चुन्याने बसवून झाली' हा टप्पा होय. एकूण रकमेच्या सुमारे दहा टक्के रक्कम एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवण्याची अट करारात असावी. चांगला कंत्राटदार या अटीला कुरकुरतो, पण मान्य करतो. जो मुळीच मान्य करत नाही, त्याला आपल्या छपराची खात्री नाही असे समजावे.

व्हिडिओ कॉल आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी करावा. भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा दुबईत पाच आणि न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात; गवंडी हातपाय धुऊन मोकळा झालेला असतो आणि उजेड थोडा शिल्लक असतो. कॉलवर काम दाखवणारा माणूस जे दाखवू इच्छितो तेच दिसते, म्हणून कुठे जायचे ते आपण सांगावे: न्हाणीघराचा उतार दाखवा, पाणी ओतून दाखवा, वाशाला टोचा मारून दाखवा. सिमेंट, चुना किंवा फरशीखाली झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे, म्हणजे नळ, वायरिंग, अर्थिंगचा खड्डा यांचे, झाकण्यापूर्वी मोजपट्टी लावून छायाचित्र घ्यावे. हे सर्व ठरवूनही मालकाने दोन वेळा प्रत्यक्ष यावे: एकदा छप्पर उघडल्यावर आणि एकदा ते बंद होण्यापूर्वी. गृहप्रवेशाला आले नाही तरी चालेल.

पैसे कोणत्या खात्यातून द्यावेत?

अनिवासी झाल्यानंतर साधे बचत खाते चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ (अनिवासी व्यक्तीच्या भारतातील उत्पन्नासाठीचे खाते) करून घ्यावे. खर्च एनआरई (परदेशातील कमाई ठेवण्याचे खाते) किंवा एनआरओ खात्यातून बँकेमार्फतच करावा आणि प्रत्येक बिल जपावे. पुढे कधी विक्रीची वेळ आली, तर सुधारणेवरचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशोबात धरला जातो, पण बिलाविना तो सिद्ध होत नाही.

वीज जोडणी आजोबांच्या नावावर आहे आणि तोडली गेली आहे. काय करावे?

थकबाकी भरून नावात बदलासह नव्याने अर्ज करावा. जुन्या घरात वायरिंग संपूर्ण बदलावे, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा आणि वायर उघड्या पाइपातून न्यावी. चिऱ्याच्या भिंतीला खाचा पाडू नयेत.

घर गोव्यात असेल तर?

बांधकामाविषयीचे वर लिहिलेले बरेचसे तेथेही लागू आहे, कागदपत्रांविषयीचे फारसे नाही. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्याच्या परंपरेने ठरतो, पती-पत्नीची मिळकत सामान्यतः सामाईक मानली जाते, आणि वाटणी इन्व्हेंटरी कारवाईने, म्हणजे मिळकतीची यादी करून न्यायालयामार्फत, होते. तेथे गोव्याचाच वकील गाठावा.

घर पूर्ण झाल्यावर कोणाला राहायला द्यावे का?

द्यावे, पण तोंडी देऊ नये. 'राखण करतो, राहू दे' अशा बोलीवर ठेवलेले कुटुंब वीस वर्षांनी हलत नाही, आणि त्या वीस वर्षांत घर त्यांनीच सांभाळलेले असते, त्यामुळे वाद दोन्ही बाजूंनी कडवट होतो. लिव्ह अँड लायसन्स करार मुदतीसह करावा. महाराष्ट्रात असा करार लेखी असणे आणि नोंदवणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे. पर्यटकांना खोल्या द्यायच्या असतील, तर राज्य पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करता येते, मात्र त्यासाठी गावात राहणारा यजमान हवा. काहीच जमत नसेल, तर निदान दर आठवड्याला दारे-खिडक्या उघडणारा, चूल पेटवून धूर वाशांपर्यंत जाऊ देणारा आणि पावसाच्या पहिल्या सरीला आत उभा राहून वर पाहणारा माणूस पगारावर नेमावा. त्याचा पगार अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून धरावा, म्हणजे तो कौलांच्या खर्चातून कापला जात नाही.